अंदमानच्या वर्षावनात बारा दिवस: तंबू, बस आणि सरकारी बोट (नाशिकहून)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी मी आणि बायको अंदमानला जाऊन आलो. ऑफिसमध्ये, सोसायटीत जो तो एकच विचारतोय, "स्कूबा केलं का?" नाही केलं. आम्ही जंगलासाठी गेलो होतो. त्यातले सहा दिवस उत्तर अंदमानात डिगलीपूरजवळच्या कालीपूरला, एकाच जागी काढले. इथे बरेच जण सह्याद्रीत भटकणारे आहेत म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी प्रवासाचं. नाशिकरोडहून नागपूरमार्गे जाणारी हावडा मेल थेट मिळते. हावड्याला उतरून कोलकात्याहून विमान घेतलं. पोर्टब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्रीविजयपुरमला, सव्वादोन-अडीच तासांत पोचतो. मुंबईहून विमानाने जाण्यापेक्षा दोघांचे बरेच पैसे वाचले, वेळ मात्र दीड दिवस जास्त गेला. कोलकाता, चेन्नई आणि विशाखापट्टणमहून जहाजंही सुटतात. पण त्यांच्या तारखा थोडेच दिवस आधी कळतात आणि प्रवास तीन-चार दिवसांचा. मोजकी रजा असलेल्या नोकरदाराने त्या नादी लागू नये.

पोर्टब्लेअरहून डिगलीपूर सव्वातीनशे किलोमीटर. पहाटेच्या अंधारात बस सुटते आणि दिवस मावळता मावळता पोचते. कालीपूरला एका छोट्या गेस्टहाऊसच्या आवारात आमचा तंबू लावायला परवानगी मिळाली, रात्रीचे तीनशे रुपये, संडास-बाथरूम त्यांचं. वनजमिनीवर किंवा किनाऱ्यावर मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, हे आधीच समजून घ्या. मालकीणबाई मूळच्या पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबातल्या. दोन वेळा डाळ-भात, भाजी आणि मासे. बायको शाकाहारी, तिचंही व्यवस्थित झालं. विमानात गॅसचा डबा नेता येत नाही, त्यामुळे स्टोव्ह नेलाच नव्हता. सोबत चिवडा, मेतकूट आणि सातूचं पीठ. रेल्वे आणि विमान सोडून बारा दिवसांत दोघांचे मिळून एकोणतीस हजार लागले.

आता जंगल. आपण अंजनेरीला फेब्रुवारीत जातो तेव्हा पायाखाली पाचोळा करकरतो. माणूस दिसायच्या आधी त्याचा आवाज येतो. तिथे पाचोळा पुष्कळ, पण आवाजच नाही. सगळा ओला आणि मऊ, खालची पानं तर हातात घेतली की कुजून काळी माती झालेली. पहिल्या दिवशी मला याचंच सगळ्यात नवल वाटलं. माझ्याच पावलांचा आवाज मला येईना.

दुसरं, उजेड. किनाऱ्यावर डोळे दिपतील इतकं ऊन आणि झाडीत पन्नास पावलं आत शिरलं की मळभ आल्यासारखं. वर गर्जनची झाडं, सरळसोट, पहिली फांदी कुठे सुरू होते ते बघायला मान मागे टाकावी लागते. त्याखाली मधल्या उंचीची झाडं, त्याखाली वेत आणि पाम, आणि या सगळ्यांना बांधणाऱ्या मांडीएवढ्या जाड वेली. बुंध्याशी मुळं भिंतीसारखी उभी राहिलेली, माझ्या खांद्याएवढी उंच. वाटाड्या म्हणाला, इथे माती पातळ आहे, झाडाचा सगळा जीव वरवरच्या थरात. मूळ खोल जात नाही म्हणून झाड असे पंख पसरून स्वतःला तोलतं. या वाटाड्याच्या आजोबांना लाकूडतोडीसाठी रांचीकडून आणलं होतं. ज्यांनी हे जंगल तोडलं त्यांचा नातू आता तेच जंगल दाखवून पोट भरतो, आणि प्रत्येक झाडापाशी थांबतो.

एका दुपारी पाऊस आला. आधी डोक्यावर खूप उंच कुठेतरी पत्र्यावर पडल्यासारखा आवाज, आणि आम्ही कोरडेच. दोन-तीन मिनिटांनी पहिले थेंब खाली पोचले. पाऊस थांबला, वर ऊन पडलेलं फटीतून दिसत होतं, तरी आत अर्धा तास पाणी ठिबकतच होतं. तेवढा वेळ आम्ही एका गर्जनखाली नुसते बसून होतो.

सॅडल पीक मात्र पूर्ण झालं नाही. ७३२ मीटर, अंदमान बेटांमधलं सगळ्यात उंच शिखर. कळसूबाईवाल्यांना आकडा लहान वाटेल, मलाही वाटला. पण चढाई समुद्रसपाटीपासून आहे, म्हणजे ७३२ च्या ७३२ मीटर आपल्याच पायांनी. त्यात सुरुवातीला किनाऱ्याकिनाऱ्याने गोट्यांवरून चालायचं, आणि हवा अशी की दहाव्या मिनिटाला शर्ट पिळावा. आम्ही आठला निघालो. तिथे सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी धावतो. घड्याळ भारताचं एकच, आणि बेटं पार ब्रह्मदेशाच्या बाजूला. साडेपाचच्या आत सूर्य बुडतो, सहाला मिट्ट काळोख. एक वाजता वाटाड्याने परत फिरवलं. मी हुज्जत घातली, ते चुकलंच माझं. उतरताना किनाऱ्यापर्यंत यायलाच पाच वाजले.

पुढचे दोन दिवस शिखराचं नाव काढलं नाही. त्याच वाटेचा खालचा दोन किलोमीटरचा तुकडा सकाळ-संध्याकाळ चालत राहिलो. पहिल्या दिवशी जिथे फक्त हिरवं दिसलं होतं तिथे तिसऱ्या दिवशी अंदमानी सुतार दिसला, काळाभोर अंग आणि लाल तुरा. पोपटी रंगाची पाल दिसली, भर दिवसा केवड्याच्या पानांवर फिरणारी. हे दोन्ही जीव जगात फक्त याच बेटांवर आहेत. सहा दिवसांत चार बेटं करणाऱ्यांच्या खिशातून निम्मे पैसे बोटी आणि टॅक्सीत जातात. एका जागी राहिलं की खर्च आपोआप उतरतो, आणि वर्षावन असं तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुठे दिसायला लागतं. मला मुख्य हेच सांगायचं होतं.

प्रश्न असतील तर विचारा.

इगतपुरीची_लेक

दादा, फार सुंदर लिहिलंत. एक शंका आहे. आमच्या इगतपुरीला काही कमी पाऊस पडत नाही. मग आमच्याकडचे डोंगर मार्चमध्ये पिवळे का आणि तिथे बारमाही हिरवं कसं?

पानझड

याचं उत्तर मी देतो, वनस्पतिशास्त्र शिकवतो. वर्षाची बेरीज घेतली तर इगतपुरी आणि अंदमान फार लांब नाहीत, दोन्हीकडे ढोबळमानाने तीन हजार मिलीमीटर. फरक आहे तो वाटणीत. इगतपुरीचा सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो, मग आठ महिने कोरडे. अंदमानला मेपासून नैऋत्य मोसमी पाऊस आणि तो ओसरतो तोच ईशान्येचा, पार डिसेंबरपर्यंत. खरे कोरडे महिने तीन-चारच. झाडाला पानं गाळून पाणी वाचवायची गरज पडत नाही.

मूळ लेखात एक छोटी भर. तिथलं सगळंच जंगल सदाहरित नाही. पडौक, जो तिथला राज्यवृक्ष आहे, तो पानं गाळतो. किनाऱ्याला लागून समुद्री मोहा आणि केवड्याचा पट्टा, खाडीत तिवरं, मग पानझडी आणि निमसदाहरित, आणि ओल्या दऱ्या-उतारांवर गर्जनचं खरं वर्षावन. किनाऱ्यापासून सॅडल पीकच्या वाटेला लागलं की हे पट्टे एकामागून एक लागतात, म्हणून ती वाट अर्धी केली तरी मोलाची आहे. वाळलेली दोन पंखांची फळं दिसली का खाली? ती गर्जनची. झाडावरून सुटली की भिंगरीसारखी फिरत येतात आणि आईच्या सावलीपासून थोडी लांब पडतात.

गोदाकाठ

दिसली! बायकोने एक उचललं होतं, वाटाड्याने परत ठेवायला लावलं. राष्ट्रीय उद्यान आहे, काडीसुद्धा आणायची नाही म्हणाला. ते बरोबरच आहे, जेमतेम ३२ चौरस किलोमीटरचं तर उद्यान.

भगूरकर

नाशिकच्या माणसाने अंदमानचं लिहिलं आणि सेल्युलर जेलचं नाव नाही, हे मनाला लागलं. कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या नाशिकच्या विजयानंद थिएटरात, डिसेंबर १९०९ मध्ये. त्या खटल्यातून सावरकर ४ जुलै १९११ ला त्या तुरुंगात पोचले. त्यांचे थोरले भाऊ बाबाराव तर त्यांच्याही आधीपासून तिथे होते. आमच्या गावातून तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने त्या कोठडीपुढे उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

आणि जंगलाशी त्याचा संबंध आहे. मी तिथे गेलो तेव्हा चाथमची लाकूड गिरणी पाहिली. ती १८८३ ची, तात्यारावांचंही जन्मसाल तेच. या बेटांवरचं जंगल साफ करायला इंग्रजांनी आधी कैदीच जुंपले होते. तुम्ही ज्या गर्जनखाली बसलात तशी किती झाडं त्या गिरणीतून गेली असतील.

गोदाकाठ

काका, जेलमध्ये गेलो होतो. पहिला पूर्ण दिवस तिथेच गेला. त्यावर दोन ओळींत लिहिणं जमलं नाही म्हणून सोडलं. तुम्ही लिहिलंत ते योग्यच केलंत.

सिडको_भटकी

आई म्हणून विचारते. मुलगा एकोणीस वर्षांचा, मित्रांबरोबर तंबू घेऊन जायचं म्हणतो. जंगलात वाघ-बिबट्याची भीती कितपत? इथे आमच्या कॉलनीपर्यंत बिबट्या येऊन गेला आहे.

गोदाकाठ

ताई, बिबट्या नाही, वाघ नाही, कोल्हा-लांडगाही नाही. मुख्य भूमीपासून बेटं इतकी लांब की मोठी जनावरं स्वतःहून पोचलीच नाहीत. रानडुक्कर आहे, हरणं आहेत, पण चितळ माणसांनी नेऊन सोडलेलं. रात्री तंबूबाहेर खसखस झाली तर बहुतेक खेकडा असतो.

भीती पाण्याची आहे. खाऱ्या पाण्यातली मगर. खाडीत, तिवरांत आणि ओढा जिथे समुद्राला मिळतो तिथे ती असते, आणि समुद्रातही पोहते. २०१० मध्ये हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका पर्यटक महिलेचा मगरीने जीव घेतला होता. आमचीही चूक सांगतो. पहिल्या संध्याकाळी एका ओढ्याच्या मुखाशी गोड पाणी दिसलं म्हणून आम्ही भांडी घासायला बसलो. एक कोळी लांबून ओरडत आला आणि त्याने हात धरून उठवलं. नंतर दाखवलं, पन्नास पावलांवर पाटी होती, वेलीत झाकलेली. मुलाला एवढं नक्की सांगा: ओढ्याच्या तोंडाशी अंघोळ नाही, भांडी नाही, आणि अंधारात पाण्याच्या कडेने चालणं नाही.

सर्पमित्र_पंचवटी

भर घालतो. अंदमानी नाग आणि घोणसाच्या कुळातले झाडावर राहणारे विषारी साप तिथे आहेत. हात टेकायच्या आधी फांदी बघा, रात्री टॉर्चशिवाय संडासलाही जाऊ नका, बूट सकाळी झटकूनच घाला. दंश झालाच तर वाट न बघता डिगलीपूरचा सरकारी दवाखाना. दोरी आवळणं, चिरा देणं अजिबात नको.

मूळचा_गुहागरचा

तंबूबद्दल एक किनारपट्टीवरच्या माणसाचं ऐका. मी सातपूरला वीस वर्षं आहे, पण लहानपण कोकणात गेलं. किनाऱ्याजवळ परवानगीने तंबू लावायचा तर आधी तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी सगळ्यात वर. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी बेताचं. अष्टमीला लावलेला तंबू पौर्णिमेला त्याच जागी कोरडा राहील असं समजू नका. वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची जी सगळ्यात वरची रेघ दिसते तिच्याही बरंच वर जा.

आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता, असं. हा हिशोब तिकडे वापरू नका, त्या समुद्राच्या वेळा वेगळ्या. गावातल्या कोळ्याला विचारायचं. आणि माडाखाली तंबू कधीच नाही. नारळ पडायला वारा लागत नाही.

रविवार_ट्रेकर

तंबू कोणता नेला होता? माझा हरिहरला वापरतो तो दोन माणसांचा आहे. स्लीपिंग बॅग कितपत जाड हवी?

गोदाकाठ

बॅग घरीच ठेवा. आपल्याकडे जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहावर जातो, त्या सवयीने मी नेली आणि बारा दिवस उगाच वाहिली. तिथे रात्रीसुद्धा चोवीस-पंचवीस अंश. एक चादर पुरे. तंबू मात्र आतून पूर्ण जाळीचा हवा, आणि वर वेगळी ताडपत्री उंच बांधायची म्हणजे खालून वारा खेळतो. बंद तंबूत आपल्याच श्वासाचं पाणी पहाटे अंगावर ठिबकतं. ताडपत्रीसाठी दहा-बारा मीटर दोरी जास्त न्या.

वाळूमाश्या डासांपेक्षा वाईट. दिसत नाहीत, आणि खाज आठवडाभर जात नाही. अंगाला खोबरेल चोपडून बसायचं, लांब बाह्या घालायच्या, संध्याकाळी वाळूवर बूड टेकायचं नाही. आम्ही गेलो तेव्हा कोरडा मोसम, तरी ओल्या दरीत जळवा लागल्या. सह्याद्रीतल्यासारख्याच, तंबाखूचं पाणी मोज्यांना लावलं की जवळ येत नाहीत.

आणि परत आल्यावर महिनाभरात ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून बसू नका. डॉक्टरांना अंदमानला जाऊन आलो हे सांगून मलेरियाची रक्ततपासणी करा.

वाट_वेगळी

मला एक गंभीर गोष्ट मांडायची आहे, राग मानू नका. तुम्ही डिगलीपूरला बसने गेलात. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगहून ताफ्याने गाड्या सोडतात, थांबायचं नाही, फोटो नाही, हे नियम सगळ्यांना माहीत असतात. पण मुळात तो रस्ताच त्या लोकांच्या घरातून काढलाय. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव भागातला रस्ता बंद करायला सांगितलं होतं. वर्षावनावर प्रेम असणाऱ्यांनी तरी तो टाळावा. ते जंगल आज तिथे उभं आहे ते जारवांनी परक्यांना वर्षानुवर्षं आत येऊ दिलं नाही म्हणून.

गोदाकाठ

राग कशाचा. हे मला जाताना टोचलंच. बसमध्ये पुढच्या बाकावरचे दोघं "दिसतील का, दिसतील का" करत काचेला नाक लावून बसले होते. कंडक्टरने दोनदा दटावलं. एका वळणावर रस्त्याच्या कडेला एक बाई मुलाला घेऊन उभी होती. मी मान खाली घातली. आपण तिच्या अंगणातून गाडी हाकतोय असंच वाटलं.

म्हणून परतताना तो रस्ता घेतला नाही. डिगलीपूरहून रंगतपर्यंत बस, मग येराट्टा जेट्टीवरून बोटीने लाँग आयलंड, आणि तिथून सरकारी बोटीने पोर्टब्लेअर. जातानाही असंच उलट जाता येतं. एखादा दिवस जास्त लागतो, पैसे जवळजवळ तेवढेच. स्थानिकांना दवाखाना-बाजारासाठी ती बस लागते, त्यांना मी काही म्हणणार नाही. आपल्यासारख्या हौशी माणसाला मात्र दुसरी वाट आहे, ती घ्यावी.

इगतपुरीची_लेक

लाँग आयलंडला राहिलात का? तिथलं जंगल कसं आहे?

गोदाकाठ

दोन रात्री राहिलो, आणि परत जाईन तर तिथेच जाईन. छोटंसं बेट, पूर्वी प्लायवूडचा कारखाना होता, तो बंद पडल्यावर गाव शांत झालं. जेट्टीपासून लालाजी बे नावाच्या किनाऱ्यापर्यंत जंगलातून पायवाट आहे. लोक डुंगीने, म्हणजे छोट्या होडीने जातात, आम्ही चाललो. एकदा तोडून पुन्हा वाढलेलं रान आहे, गर्जन कमी, वेली आणि वेत फार. सॅडल पीकच्या जंगलानंतर हा फरक लगेच कळला. उजेड जास्त, गचपण जास्त, पक्षी मात्र भरपूर.

तिथे नेटवर्क अगदीच कमी. रोख पैसे पोर्टब्लेअर किंवा डिगलीपूरलाच काढून ठेवा. बोटीचं तिकीट आदल्या दिवशी रांगेत उभं राहून काढायचं, आणि समुद्र खवळला तर बोट रद्द होते. विमानाच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवाच.

सिडको_भटकी

शंख-शिंपले आणले तर चालतात का? मुलगा लहान बहिणीसाठी आणीन म्हणतो.

पानझड

नका आणू. प्रवाळ आणि बऱ्याच शंखांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर बॅगा तपासतात. मेलेल्या शंखातसुद्धा साधू खेकडा घर करतो. रिकामा शंख म्हणजे त्याची पुढची खोली.

रविवार_ट्रेकर

ठरलं, फेब्रुवारीत तिघं जातोय. हावडा मेल, लाँग आयलंडची वाट, कालीपूरला पाच रात्री. सॅडल पीकला किती वाजता निघू?

गोदाकाठ

आदल्या दिवशी चौकीवर नोंदणी आणि वाटाड्याचं बोलून ठेवा. साडेपाचला उजाडायला लागतं, तेव्हा पाय वाटेवर असले पाहिजेत. माणशी तीन लिटर पाणी. बारा वाजता जिथे असाल तिथून, वाटाड्या म्हणेल तर, परत. आणि त्या रांचीवाल्या दादांना विचारा, खालच्या टप्प्यात ओढा ओलांडल्यावर डाव्या हाताला जो दुहेरी बुंध्याचा गर्जन आहे त्याच्यापाशी पंधरा मिनिटं बसवा म्हणावं.

तारखा पक्क्या झाल्या की सांगा. माझी ताडपत्री आणि दोरी पडून आहे, नेण्याआधी एकदा अंजनेरीला बांधून बघू.

रविवार_ट्रेकर

येत्या रविवारी चालेल? पहाटे पाचला त्र्यंबक नाक्यावर थांबतो. वाटाड्याला वेळ दिल्यासारखं, अगदी ठोक्याला पाच.

इगतपुरीची_लेक

मीही येते. चहाचा थर्मास माझ्याकडे.